कापूस वेचणीच्या दिवसांत तान्हं कुणी सांभाळायचं?

दिवाळी आटोपली की खानदेशात कापूस वेचणीला जोर चढतो. दव सुकलं की बाया कमरेला ओटी बांधून पातीला लागतात. मजुरी किलोवर, म्हणून हात थांबवून चालत नाही. बांधावरच्या निंबाला जुन्या लुगड्याची झोळी, झोळीत पाच-सहा महिन्यांचं लेकरू आणि दोरी ओढायला सात-आठ वर्षांची बहीण. लेकरू रडायला लागलं की पोरगी आधी जोरात झोके देते, मग चोखायला बोट देते, आणि तरीही ऐकलं नाही तर हाक मारते. आई पात सोडून येते, अर्धी भरलेली ओटी पोटाशी तशीच, आणि ढेकळांत बसून पाजते. संध्याकाळी काट्यावर तेवढा कापूस कमी भरतो. त्याची तक्रार कुणी करत नाही. 'धाकल्याले कोन पाही?' हा प्रश्न पहाटे घरोघरी निघतो आणि घरातच मिटवला जातो. कधी सासूवर, कधी जेठानीवर आणि बहुतेक वेळा थोरल्या पोरीच्या शाळेवर.

माझं म्हणणं असं की हा प्रश्न घरात मिटवण्यासारखा नाहीच. तो ग्रामपंचायतीचा आहे, सरकारचा आहे आणि ज्यांच्या मालावर ही मजुरी खर्ची पडते त्यांचाही आहे. हे मी कळवळ्यापोटी म्हणत नाही. कळवळा आपल्याकडे पुष्कळ आहे, त्यानं पाळणाघर उभं राहिलेलं कधी पाहिलं नाही. माणूस हा कसा प्राणी आहे, त्याची पोरं कशी वाढत आली, यावरून मी हे म्हणतो.

चिंपांझीची मादी पहिले काही महिने आपलं पिल्लू दुसऱ्या कुणाच्या हाती लागू देत नाही. ओरांगउटानच्या पिल्लाला तर आईशिवाय कुणी नसतंच. त्याची किंमत अशी की दोन पिल्लांमध्ये मोठं अंतर ठेवावं लागतं: चिंपांझीत पाच-सहा वर्षं, ओरांगउटानमध्ये सात-आठ. आधीचं स्वतःचं खाणं शोधू लागल्याशिवाय पुढचं नाही. माणसाचं गणित निराळं. शिकारीवर आणि कंदमुळांवर जगणाऱ्या समाजांत दोन मुलांमध्ये साधारण तीन-चार वर्षांचंच अंतर असतं. म्हणजे पहिलं बोलायला-पळायला लागलेलं, पण स्वतःचं पोट भरायला अजून दहा-पंधरा वर्षं अवकाश, आणि आईच्या कडेवर दुसरं. जन्मापासून मूल आपल्या पायावर उभं राहीपर्यंत १ कोटी ते १ कोटी ३० लाख कॅलरी लागतात, असा अंदाज मानववंशशास्त्रज्ञांनी बांधला आहे. एकट्या आईला एवढं अन्न जमवता येत नाही. बापाचे हात धरले तरी पुरत नाही. तरी आपली जात टिकली आणि पृथ्वीभर पसरली. म्हणजे तिसरा, चौथा, दहावा कुणीतरी हात लावत होता.

ही गोष्ट ठामपणे मांडणाऱ्यांत सारा हर्डी या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ बाईंचं नाव मोठं. १९७० च्या दशकात त्यांनी माउंट अबूला येऊन काळतोंड्या वानरांचा अभ्यास केला, सातपुड्याच्या पायथ्याशी कुणालाही सवयीची असतात तीच वानरं. वानरांच्या टोळीत माद्या एकमेकींची पिल्लं हौसेनं घेतात, पण त्यांना भरवत नाहीत. माणसं घेतातही आणि भरवतातही. यातूनच पुढे त्यांनी मांडलं की आपण सहकारानं पोरं वाढवणारा प्राणी आहोत, आणि हा गुण आपल्या जवळच्या नातलग वानरजातींत नाही. कांगो खोऱ्यातल्या एफे लोकांत नवजात बाळ पहिल्या काही दिवसांतच सरासरी १४ माणसांच्या हातून फिरतं. त्याच भागातल्या बायाका लोकांवरचा एक अभ्यास २०२३ मध्ये आला. तिथं रडणाऱ्या बाळाला घ्यायला निम्म्याच्या आसपास वेळा आई येते, बाकीच्या वेळी दुसरंच कुणीतरी. एकट्या आईच्या त्यागाचे पोवाडे गाणाऱ्या आपल्या समाजाला हे जरा झोंबेल. झोंबू द्यावं.

आता आजीबद्दल. बहुतेक प्राण्यांत पिल्लं देणं थांबलं की आयुष्यही लवकरच संपतं. बाईची पाळी थांबल्यावर ती पुढे तीस-चाळीस वर्षं जगते. कशासाठी? टांझानियातल्या हाड्झा लोकांत राहून क्रिस्टन हॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिलं की वयस्क बाया कडक जमिनीतून कंद खणून काढण्यात तरुणींना हार जात नाहीत, आणि ते अन्न नातवंडांच्या पोटात जातं. आजीची खरी कमाई नातवाला मांडीवर घेण्याइतकीच त्याला खाऊ घालण्यात होती. पुढे रिबेका सीअर आणि रूथ मेस यांनी २००८ मध्ये निरनिराळ्या समाजांवरच्या ४५ अभ्यासांचा आढावा घेतला. आईची आई जवळ असली की मुलं जगण्याचं प्रमाण वाढतं, असं दोन तृतीयांशांहून जास्त ठिकाणी दिसलं. बापाच्या असण्या-नसण्याचा असा फरक मात्र बराच कमी ठिकाणी दिसला.

पहिलं बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत या आकड्यांशेजारी ठेवून पाहा. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, तेल चोळायला बसलेली आजी, रात्री बाळ रडलं की उठणारी मावशी. सव्वा महिना हा थाट असतो. मग बाईला सासरी पोचतं करतात, आणि दुसऱ्या खेपेला माहेरचं नावही निघत नाही. लेक पुन्हा येते ती आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोके घ्यायला, तेही जमलं तर.

म्हणूनच एकत्र कुटुंब मोडलं म्हणून हे सगळं झालं, हे जे भाषणांतून ऐकू येतं ते मला पटत नाही. आपलं एकत्र कुटुंब म्हणजे कुणाचं कुटुंब? नवऱ्याचं. त्यात बाळंतीण ही सगळ्यांत नवी, सगळ्यांत परकी आणि बहुतेक वेळा सगळ्यांत शेवटी जेवणारी. पोरगी झाली असेल तर बोलणी वेगळी. हात पुष्कळ असतात, पण ते तिच्या बाजूचे असतीलच असं नाही. २०१६ मध्ये जगात जेवढ्या स्त्रियांनी आत्महत्या केली त्यांतल्या सुमारे ३७ टक्के भारतातल्या होत्या, आणि आपल्याकडे त्यांत विवाहित स्त्रियांचं प्रमाण मोठं आहे. कुटुंब एकत्र असणं हेच औषध असतं तर हे चित्र असं दिसलं नसतं.

खरं असं आहे की जे हात पूर्वी होते ते एकेक करून निघून गेले, आणि बरेचसे चांगल्या कारणानं गेले. थोरली बहीण शाळेत जाऊ लागली. जायलाच हवी. झोळीची दोरी ओढणं हे तिचं काम नव्हे, सहा ते चौदा वयाला शिक्षणाचा हक्क २००९ च्या कायद्यानं दिला आहे. घरात पोरं कमी होऊ लागली, त्यामुळे मावश्या-आत्या कमी झाल्या. तेही बरंच झालं. सासू स्वतःच वेचणीला जाते, कारण तिच्या मजुरीशिवाय घर चालत नाही. हाड्झा आजीसारखीच तीही नातवाच्या भाकरीची सोय करते, फक्त ती घरात नसते. धडगाव-अक्कलकुव्याकडची जोडपी दिवाळीनंतर उसाच्या तोडीला गुजरातेत जातात, तिथं शेजारही आपला नसतो. गेलेल्या हातांचं दुःख करत बसण्यात अर्थ नाही. त्या जागी दुसरे हात कुणी उभे केले नाहीत, ही तक्रार आहे.

'माणूस स्वभावानंच सहकारी आहे ना, मग गाव बघून घेईल,' असंही कुणी म्हणेल. सहकार आपल्या अंगात आहे हे खरंच. दीड वर्षाचं पोरही अनोळखी माणसाच्या हातून पडलेली वस्तू उचलून देतं, हे २००६ मध्ये वॉर्नेकेन आणि टोमासेलो यांनी प्रयोगातून दाखवलं. हर्डींचं तर म्हणणं आहे की अनेकांकडून सांभाळून घ्यायचं म्हणून बाळाला माणसांचे चेहरे वाचायला शिकावं लागलं, आणि आपल्या सहकाराची मुळं तिथपर्यंत जातात. पण अंगात आहे म्हणून आपोआप घडतं, असं नसतं. त्यासाठी खानदेशाइतकं चांगलं उदाहरण दुसरीकडे शोधायला नको. पांझरेच्या काठची फड पद्धत पाहा.

साक्री-धुळ्याकडं पांझरेवर आणि पलीकडं नाशिक जिल्ह्यात मोसम, आरम या नद्यांवर तीनेकशे वर्षांपासून लोकांनी बंधारे बांधून पाणी वळवलं. बंधाऱ्याखालची जमीन फडांत वाटलेली. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. यंदा या फडाला ऊस तर त्या फडाला हंगामी पीक, पुढच्या वर्षी फेरपालट. एकेका शेतकऱ्याचे तुकडे वेगवेगळ्या फडांत, त्यामुळे एका फडाला पाणी कमी मिळालं तर झळ सगळ्यांना सारखी. पाणी देण्याचं काम शेतकऱ्याच्या हाती नव्हतंच. ते पाटकऱ्याचं. त्याच्यावर हवालदार. पिकाची राखण जागल्याची. कालव्याचा गाळ काढायला प्रत्येकानं यायचं, न आला तर भरपाई. आणि ही जी माणसं नेमलेली, त्यांचा मोबदला सगळ्यांनी मिळून द्यायचा. कुणी 'आपलं गाव आहे, फुकट राख' म्हणत नसे.

मला या व्यवस्थेतलं सगळ्यांत मोलाचं वाटतं ते हेच शेवटचं. बंधारा दगडाचा असतो, तो टिकतो माणसं नेमून आणि त्यांना पोसून. साक्री तालुक्यातल्याच बारीपाड्यानं जंगल राखलं तेही असंच, नियम करून आणि मोडणाऱ्याला दंड लावून. तिथल्या चैत्राम पवारांना २०२५ ची पद्मश्री मिळाली. सामायिक साधनं लोक स्वतः कशी सांभाळतात याचा जगभर अभ्यास करून २००९ मध्ये नोबेल मिळवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी ज्या अटी सांगितल्या, त्यांतल्या कितीतरी पांझरेकाठच्या अडाणी म्हणवल्या गेलेल्या माणसांनी आधीच पाळल्या होत्या. पाण्यासाठी आपल्याला हे सुचलं. लेकरांसाठी सुचलं नाही, कारण पाणी पुरुषांच्या बैठकीतला विषय होता आणि लेकरू बायकांच्या चुलीजवळचा.

आता मनाच्या आजाराकडे येतो, कारण या सगळ्याचा हिशोब शेवटी तिथं मांडला जातो. बाळंतपणानंतर उदासीनं ग्रासलेल्या बायांचं प्रमाण भारतातल्या ३८ अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात २२ टक्के आलं. २०१७ मधली ही गोष्ट. पाचातली एक. आमच्याकडे तिला 'बाहेरचं लागलं' म्हणतात, 'बाळंतवात' म्हणतात, नाहीतर 'नखरे' म्हणतात. गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये केलेल्या अभ्यासात तिच्यामागची कारणं निघाली ती अशी: घरची ओढगस्त, नवऱ्याशी बिघडलेले संबंध, मुलगा हवा असताना झालेली मुलगी. यातलं काहीही बाईच्या मेंदूत जन्माला आलेलं नाही.

एडवर्ड हेगन यांनी १९९९ मध्ये एक तर्क मांडला की ही उदासी म्हणजे आधार कमी पडल्याची शरीरानं दिलेली सूचना असावी. 'मला एकटीला हे झेपणार नाही' असं बोलता येत नसेल तेव्हा अंग बोलतं. या तर्काबद्दल शास्त्रज्ञांत वाद आहेत आणि सगळ्याच उदासीला तो लागू करणं चूक ठरेल. काही बायांना औषध लागतंच, आणि ज्या बाळंतिणीला भास होऊ लागतात, भलतंसलतं बोलू लागते, तिला त्याच दिवशी दवाखान्यात न्यायला हवं. तिथं थांबायचं नाही. पण तर्क अर्धा जरी खरा असला तरी नुसती गोळी देऊन बाईला पुन्हा त्याच एकटेपणात पाठवणं म्हणजे घंटा बंद करून आग तशीच ठेवण्यासारखं आहे. सातपुड्यातल्या बडव्याच्या, म्हणजे भगताच्या, मंत्रावर माझा काडीचा विश्वास नाही. तरी एक गोष्ट कबूल करावी लागते. तो अख्खं घर समोर बसवतो. आपल्या ओपीडीत बाई आत जाते आणि सासू, नवरा बाहेर बाकड्यावर मोबाईल बघत बसतात.

घर, पाडा समोर बसवल्यानं काय होतं याचा पुरावा आहे. झारखंड आणि ओडिशाच्या आदिवासी भागात एकजूट या संस्थेनं बायांचे गट बांधले. महिन्यातून एकदा बैठक, गावातलीच एक बाई ती चालवणार, गोष्टी सांगत, खेळ खेळत बाळंतपणातल्या आणि बाळांच्या अडचणी काढायच्या आणि त्यावर आपल्याआपण उपाय ठरवायचा. २०१० मध्ये निष्कर्ष आले. शेवटच्या दोन वर्षांत नवजात मृत्यू ४५ टक्क्यांनी कमी, आणि तिसऱ्या वर्षी आयांमधली मध्यम स्वरूपाची उदासी ५७ टक्क्यांनी कमी. ना मनोविकारतज्ज्ञ, ना औषध. नंदुरबारच्या पाड्यांची स्थिती त्या पाड्यांहून फार वेगळी नाही. शिवाय इथं बैठकीची जागा तयार आहे: अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा माता अंगणवाडीत जेवायला येतातच. जेवण झाल्यावर तासभर बसायचं आणि बोलायचं, एवढंच वाढवायचं आहे. आशाताई बाळंतिणीच्या घरी ४२ दिवसांत सहा वेळा जाते, बाळाचं वजन करते, ताप पाहते. 'तुला झोप लागते का, रडू येतं का, घरात कोण मदत करतं,' हे बाळाच्या आईला विचारणं तिच्या रकान्यात घाला, आणि त्या विचारण्याचे पैसे द्या. १४४१६ या टेलिमानस क्रमांकाचं, म्हणजे मनाच्या आजारासाठीच्या सरकारी मदत फोनचं, फलक लावून काम भागणार नाही. त्या घरात फोन कुणाच्या हातात असतो, हे फलक लावणाऱ्यांनी एकदा पाहावं.

आणि पाळणाघर. अंगणवाडी २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, तेव्हापासून तीन ते सहा वर्षांच्या मुलांना ती बसवून घेते, तेही दिवसाचे काही तास. तीनच्या आतल्याला घरपोच आहाराचं पाकीट. म्हणजे ज्या वयात मूल सर्वांत जास्त हात मागतं, नेमक्या त्याच वयात सरकारचा हात पाकिटापुरता. २०२२ मध्ये पाळणा योजना आली, सहा महिन्यांपासूनच्या बाळांना अंगणवाडीतच सांभाळायची. कागदावर चांगली आहे. छत्तीसगडात बिलासपूरजवळ जनस्वास्थ्य सहयोगनं पाड्यापाड्यावर फुलवाऱ्या चालवून दाखवल्या, सहा महिने ते तीन वर्षांची पोरं दिवसभर, गावातल्याच बायांकडे, गरम खाण्यासह. तेव्हा हे जमत नाही असं कुणी म्हणू नये. फक्त आहे त्याच सेविकेच्या डोक्यावर हेही टाकून मोकळं होऊ नये. तिला आपण कर्मचारी मानत नाही, मानधन देतो. २०२३ च्या डिसेंबरात राज्यभरच्या सेविका संपावर गेल्या तेव्हा 'सेवाभाव कुठं गेला' असं म्हणणारे महाभाग मी ऐकले. पाटकऱ्याला सेवाभावावर कुणी राबवलं नव्हतं.

उत्क्रांतीचं नाव घेतलं की दुसऱ्या बाजूनंही एक जण उठतो: निसर्गानंच बाईला मुलांसाठी घडवलंय, तिनं घरी बसावं. कापूस वेचणारीला घरी बसायचा पर्याय कुणी दिला होता, हे तो सांगत नाही. निसर्गात अमुक होतं म्हणून तसंच करावं, असा नियम निघत नाही. निसर्गात तर बालमृत्यूही भरपूर होते. पण त्याला निसर्गाचाच दाखला हवा असेल तर पूर्ण घ्यावा. फिलिपीन्समध्ये ६२४ तरुणांचा काही वर्षं पाठपुरावा केला तेव्हा दिसलं की बाप झाल्यावर पुरुषाचं टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक उतरतं, आणि जे बाप मुलांना रोज तीन तास किंवा अधिक देतात त्यांचं जास्त उतरतं. पुरुषाचं शरीरही या कामासाठी जुळवून घेतं. पारावर बसलेल्यांनी मनावर घेतलं तर तिसरा हात घरातच आहे.

पैशाचं विचाराल तर गावापुरती सोय अवघड नाही. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला-बालकल्याणावर खर्चायचे असतात, ते बहुतेक ठिकाणी शिलाई मशीन आणि सतरंज्यांवर जातात. पेसा या आदिवासी भागांसाठीच्या कायद्याखालच्या गावांना पाच टक्के अबंध निधी थेट मिळतो. रोजगार हमीच्या कायद्यानं तर कामावर सहाच्या आतली पाच मुलं आली की एका बाईला त्यांच्यासाठी मजुरीवर नेमायची सोय केली होती. मुलं सांभाळणं हे मजुरी देण्याजोगं काम आहे हे मान्य करणारी ती ओळ मला फार महत्त्वाची वाटते, आणि ती किती कामांवर पाळली गेली हे रोजगार सेवकाला विचारून पाहा.

अडचण आहे ती स्थलांतराची. तिथं गावाचा निधी पोचत नाही. मुकादमानं उचल दिली, जोडपं कोयता घेऊन निघालं, मागं कोपीत, म्हणजे तोडणीच्या तळावरच्या झोपडीत, लेकरू. संघटित नोकरीतल्या बाईला २०१७ पासून २६ आठवड्यांची पगारी रजा आहे; कोयत्यावरच्या बाईला अटी जुळल्या तर मातृवंदना योजनेचे पाच हजार. १९४८ च्या कारखाना कायद्यानं तीसहून जास्त स्त्री कामगार असतील तिथं पाळणाघर सक्तीचं केलं, मळ्यांसाठी १९५१ मध्ये आणि बांधकामासाठी १९९६ मध्ये तशीच तरतूद झाली. साखर कारखान्याच्या भिंतीच्या आत हा कायदा पोचला. भिंतीबाहेर फडात ऊस तोडणारी बाई कारखान्याची कामगार नाही, ती मुकादमाची, असं म्हणून सगळे सुटले. ऊस कारखान्याचा, वजन कारखान्याच्या काट्यावर, ट्रकचं वेळापत्रक कारखान्याचं, फक्त तिचं लेकरू तिचं. तोडीचा करार करतानाच कोप्यांच्या तळावर पाळणाघर आणि ते चालवणाऱ्या बाईंची मजुरी कारखान्यानं टनामागे धरावी, हंगाम सुरू करण्याच्या परवानगीला ही अट जोडावी, आणि नंदुरबारची माणसं सुरत-बारडोलीकडं जातात म्हणून दोन्ही राज्यांनी एकमेकांच्या अंगणवाडीची नोंद मान्य करावी. नंदुरबारच्या चार आमदारांनी आणि खासदारांनी मिळून एवढं एक पत्र लिहायला कुणाची परवानगी लागत नाही.